फ्रान्झ फर्डिनांड (अल्बम)

'फ्रान्झ फर्डिनांड' हा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या त्याच नावाच्या बँडचा पहिला अल्बम, डोमिनो रेकॉर्ड्सने ९ फेब्रुवारी २००४ ला काढलेला. ११ गाणी आणि चाळीस मिनिटांच्या आत सगळा खेळ खल्लास. दिसायला हा इंडी रॉकच, म्हणजे दोन गिटार, बेस, ड्रम आणि टापटीप शर्ट घातलेली चार पोरं, पण ठेका बघायला गेलं तर अर्धा डिस्कोचा. मुलींना नाचता येईल असं म्युझिक करायचंय, असं बँडवाले सुरुवातीच्या मुलाखतींत सांगायचे आणि तेव्हापासून हे वाक्य त्यांना जे चिकटलंय ते चिकटलंयच.

बँड जमला २००२ मध्ये आणि कसा जमला ते सांगण्यासारखं आहे. गायक ॲलेक्स काप्रानोसला बेल अँड सबॅस्टियन बँडच्या मिक कुकने एक बेस गिटार देऊन टाकली होती, अट एवढीच की तिचं काहीतरी उपयोगाचं कर. काप्रानोसने ती बॉब हार्डीच्या गळ्यात घातली. हार्डी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी, त्याला बेस अजिबात येत नव्हती, काप्रानोसनेच शिकवली. निक मकार्थी एका पार्टीत भेटला, तोही काप्रानोसची व्होडका ढापताना, हाणामारीपर्यंत गोष्ट गेली आणि तिथून निघाली ती 'तुला ड्रम येतात का' वर. येत नव्हते, तरी तो हो म्हणाला (म्युनिकमध्ये शास्त्रशुद्ध संगीत शिकलेला माणूस, पण ड्रम नाही). पॉल थॉमसन खरा ड्रमर, त्याला मात्र गिटार वाजवायची हौस, मग काही दिवसांनी दोघांनी जागा बदलल्या आणि गाडी रुळावर आली. नाव आलं ते टीव्हीवर दिसलेल्या आर्चड्यूक फर्डिनांड नावाच्या रेसच्या घोड्यावरून, त्यावरून बोलणं गेलं १९१४ मध्ये सारायेवोत गोळी घातलेल्या खऱ्या आर्चड्यूकवर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांडवर, आणि ते नाव कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलं.

अल्बममधला नाच येतो कुठून हे कळायला शातो माहीत असायला हवं. शातो म्हणजे ग्लासगोतलं एक ओस पडलेलं गोदाम, नाव तेवढं फ्रेंच महालाचं. बँड तिथे प्रॅक्टिस करायचा आणि रात्री पार्ट्या भरवायचा, एकीकडे चित्रं मांडलेली, एकीकडे बँड. एकदा पोलिसांची धाड पडली, आवाज, आगीचे नियम, विनापरवाना दारू असं बरंच काही काप्रानोसवर लावलं गेलं, नंतर ते सगळं मागे घेतलं. मग हे लोक गेले कुठे, तर एका जुन्या व्हिक्टोरियन कोर्ट-कम-जेलमध्ये! असल्या जागी समोरचा माणूस पैसे देऊन गाणं ऐकायला आलेला नसतो, तो मजा करायला आलेला असतो, पाय हलले नाहीत की सरळ दुसऱ्या खोलीत निघून जातो, आणि माझ्या मते या गाण्यांची ठेवण त्यातूनच आलीये.

रेकॉर्डिंग झालं स्वीडनमध्ये, माल्मोच्या गुला स्टुडिओत, प्रोड्युसर टोरे योहानसन, कार्डिगन्स या स्वीडिश बँडची गाणी करणारा. 'आउफ आक्से'सारख्या गाण्यात कीबोर्ड आहे, पण नाचाचा भार मशीनवर नाही, माणसांवर आहे. डिस्कोची साधी युक्ती अशी की बेस ड्रम प्रत्येक मात्रेला धप्प आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) उघडून 'त्स्स'. थॉमसन हे हाताने वाजवतो, आणि गिटारवाले सूर लांबवत बसण्याऐवजी तुटक, टोचल्यासारखं वाजवतात, ही सवय गँग ऑफ फोरसारख्या १९७०च्या शेवटाकडच्या पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या बँडांची.

सगळ्यात गाजलं 'टेक मी आऊट', अल्बमच्या आधी जानेवारीत सिंगल म्हणून आलं आणि ब्रिटिश चार्टवर तिसऱ्या नंबरला गेलं. आपल्याकडे गाणं विलंबितातून द्रुतात जातं, इथे बरोबर उलटं. पहिलं जवळपास मिनिटभर गाणं सुसाट पळतं, आणि मग सगळे मिळून ब्रेक लावतात, एकेक ठोका जड होत जातो, तुम्हाला वाटतं संपलं की काय, आणि तिथे ती पाय आपटायला लावणारी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, सुरू होते. गाण्याचे दोन तुकडे एका लयीत बसेनात, म्हणून जलद ते सगळं आधी आणि संथ ते सगळं नंतर असा सरळ हिशोब केला. रेडिओसाठी हे वेडेपणाचंच, पण चाललं. शब्द वरवर प्रेमातल्या ताणाताणीचे, आत नेम धरून बसलेला बंदूकवाला. 'मायकल' हे दुसरं नाचाचं गाणं, डान्स फ्लोअरवर एक पुरुष दुसऱ्या पुरुषाकडे ओढला जातो त्याबद्दल, आणि २००४च्या गिटार बँडात हे इतक्या बिनधास्तपणे कोणी गात नव्हतं. 'कम ऑन होम' मला कधीच फारसं आवडलं नाही, भरतीचं वाटतं.

अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेला आणि २००४चं मर्क्युरी प्राइझ, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं, त्या नामांकनांच्या यादीत ॲमी वाइनहाऊस आणि द स्ट्रीट्सपण होते. 'टेक मी आऊट'च्या योनास ओडेलने केलेल्या व्हिडिओला, ज्यात जुन्या रशियन पोस्टरांसारखी कात्रणं हलतात, एमटीव्हीचं ब्रेकथ्रू व्हिडिओचं बक्षीस मिळालं. २००५ मध्ये ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश ग्रुप. पुढच्या दोन-तीन वर्षांत नाचरे गिटार बँड पैशाला पासरी झाले, त्यातल्या ब्लॉक पार्टीला तर सुरुवातीला काप्रानोसनेच हात दिला होता, आणि २००७चं मर्क्युरी क्लॅक्सन्सच्या तशाच नाचऱ्या पहिल्या अल्बमला गेलं.

मकार्थी २०१६ मध्ये बँडमधून बाहेर पडला, थॉमसन २०२१ मध्ये. मूळ चौघांतले आता काप्रानोस आणि हार्डी उरलेत, म्हणजे बेस वाजवता न येणारा तो अजून वाजवतोय.