चिकन आणि मशरूम : कामाच्या दिवशीचे रात्रीचे जेवण
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानातून चिकन आणि मशरूम एकत्र नेणारे बहुतेक ग्राहक संध्याकाळी सातनंतर, कार्यालयातून घरी परतताना येतात आणि त्यांना नऊ-साडेनऊपर्यंत ताटे वाढायची असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढच्या खेपेला एकच तक्रार केलेली आहे : मशरूमला फार पाणी सुटले, चिकन चिवट झाले, माल शिळा होता काय? माल ताजाच होता. चुकला होता तो कढईत घालण्याचा क्रम. त्या क्रमाची नीट माहिती असावी, यासाठी हे पत्रक काढले आहे.

बटण मशरूमच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. कच्चे चिकन आणि मशरूम एकाच वेळी कढईत घातले, तर हे पाणी सुटून कढई थंडावते, चिकन परतले न जाता उकडले जाते आणि ते पाणी आटेपर्यंत बोनलेस तुकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिजून कोरडे पडतात. मशरूमला मात्र जास्त वेळ आचेवर राहिल्याने फारसे काही होत नाही, कारण त्याच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असते. खेकड्याच्या कवचात असते तेच हे द्रव्य असून ते शिजून विरघळत नाही. मांसाचे तंतू याच्या उलट वागतात : आच लागेल तसे ते आकसतात आणि आतला रस बाहेर ढकलतात. म्हणून मशरूम आधी आणि वेगळे परतावे, चिकन त्यानंतर शिजवावे आणि दोन्ही एकत्र करावे ते शेवटच्या दोन मिनिटांत.

चार माणसांसाठी ५०० ग्रॅम बोनलेस चिकन आणि २०० ग्रॅम मशरूम पुरते. ब्रेस्टपेक्षा मांडीचे मांस घ्यावे असे आम्ही सुचवतो, कारण त्यात चरबी थोडी अधिक असल्याने दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी ते सांभाळून घेते. घरी आल्याबरोबर चिकनचे इंचभर तुकडे करून त्यांना दोन मोठे चमचे दही, हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून ठेवावे. हातपाय धुऊन कांदा चिरून होईपर्यंत ते पुरेसे मुरते. मशरूम ओलसर फडक्याने पुसावे किंवा नळाखाली झटकन धुऊन लगेच कोरडे करावे, पाण्यात भिजत मात्र ठेवू नये. लहान मशरूमचे दोन आणि मोठ्याचे चार तुकडे करावेत. पातळ चकत्या आकसून दिसेनाशा होतात.

पसरट कढईत चमचाभर तेल चांगले तापवून मशरूम एका थरात पसरावे आणि आच मोठी ठेवावी. या टप्प्यावर मीठ घालू नये. पहिल्यांदा चर्र असा आवाज येतो, मग पाणी सुटून नुसती बुडबुड ऐकू येते, आणि ते पाणी आटले की चरचर पुन्हा सुरू होते. ही दुसरी चरचर कानाने ओळखता आली की अर्धा स्वयंपाक जमला असे समजावे, कारण मशरूमच्या कडा तांबूस होऊन खरी चव उतरते ती त्यानंतरच्या दोन मिनिटांत. याला एकूण सहा ते आठ मिनिटे लागतात. मग मशरूम ताटलीत काढून त्याच कढईत तेल घालावे, दोन कांदे तांबूस परतावेत आणि चिकन पसरून दोन मिनिटे अजिबात हलवू नये. तुकडे उलटून झाकण ठेवावे आणि मध्यम आचेवर आणखी पाच-सहा मिनिटे शिजू द्यावे. सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून आत गुलाबी रंग नाही ना, हे पाहावे. घरी स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास ७४ अंश सेल्सिअस ही खूण आहे. शेवटी मशरूम, चमचाभर जाडसर कुटलेली मिरी, चवीपुरते मीठ, लिंबू आणि सांबार घालून उतरवावे. (पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.)

सावजी मसाला घालावा का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. आमचे प्रामाणिक मत असे, की खसखस, सुके खोबरे, दगडफूल आणि मिऱ्याच्या त्या तिखटजाळ वाटणाखाली मशरूमची सौम्य चव पार हरवते. घालायचाच असल्यास पाव चमचा पुरे. सावजी रस्सा रविवारी हाडाच्या चिकनचा करावा, मशरूमशिवाय. साध्या रश्श्यात मात्र मशरूम शोभते : करी कटचे (हाडासकट कापलेले) तुकडे गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजत आले, की परतलेले मशरूम शेवटच्या पाच मिनिटांत सोडावे. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) वापरायची असेल, तर ती सुरीने न कापता हाताने उभी फाडावी. ती बटणापेक्षा लवकर परतली जाते.

मशरूमचा डबा उघडल्यावर उरलेले मशरूम कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजते व चिकट होते. छत्री उघडून खालचा भाग काळसर दिसला तरी मशरूम खाण्याजोगे असते, पण बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वासाचे टाकून द्यावे. कच्चे चिकन फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात झाकून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत वापरावे. ते वाहत्या नळाखाली धुतल्यास शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. धुतल्याशिवाय समाधान होत नसेल, तर भांड्यातल्या पाण्यात हलके धुऊन सिंक साबणाने घासावे.

पावसाळ्यात विकायला येणारे टेकोडे आणि सात्या, म्हणजे रानातली भूछत्रे, हा वेगळा विषय आहे. आम्ही ते विकत नाही, आणि ओळख पटलेली नसलेली रानातली भूछत्रे या कृतीत वापरू नयेत अशी आमची विनंती आहे. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही, आणि लसूण किंवा चांदी काळी पडते का हे पाहण्याची जुनी परीक्षा मुळीच भरवशाची नाही.

शिजलेले उरल्यास ते दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, हा अवधी एकच तास धरावा. दुसऱ्या दिवशी डब्यासाठी ते पोळीत गुंडाळावे किंवा मोकळ्या भातात परतावे, आणि गरम करताना लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत तापवावे.