अमेरिकेतल्या ट्रेडमार्क वादात थेट एमडींच्या नावाने जबानीची नोटीस आली तर

अमेरिकेत तुमच्या ब्रँडच्या नोंदणीला कुणी हरकत घेतली, किंवा तुम्ही दुसऱ्याच्या नोंदणीला घेतली, तर प्रकरण ट्रेडमार्क ट्रायल अँड अपील बोर्डापुढे जाते. हे अमेरिकी ट्रेडमार्क कार्यालयाचेच न्यायमंडळ आहे. तिथे पुरावा सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना एकमेकांकडून माहिती काढायला 180 दिवस मिळतात. या टप्प्याला डिस्कव्हरी म्हणतात. याच काळात एक दिवस ईमेल येतो: तुमच्या एमडींचे डिपॉझिशन, म्हणजे तोंडी जबानी, घ्यायची आहे.

आपल्याकडच्या दाव्यात असे काही नसते. इथे साक्षीदार शपथपत्र देतो आणि मग त्याची उलटतपासणी होते. तिकडे खटला उभा राहण्याआधीच, न्यायाधीश समोर नसताना, विरुद्ध पक्षाचा वकील शपथेवर प्रश्न विचारतो. ही जबानी एका दिवसात 7 तासांपर्यंत चालू शकते आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला जातो. साहजिकच आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, ‘साहेबांना बसावेच लागेल का?’ नेहमीच नाही. पण सुटका खुर्चीमुळे होत नाही, हे आधी लक्षात घ्या.

अपेक्स नियम नेमका काय आहे

मोठ्या कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला केवळ दबाव आणण्यासाठी जबानीला ओढू नये, या विचारातून अमेरिकी न्यायालयांनी अपेक्स नियम घडवला. 1979 मध्ये पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) अपील न्यायालयाने अपजॉन या औषध कंपनीच्या अध्यक्षांबाबत सांगितले की आधी खालच्या कर्मचाऱ्यांना विचारा, अध्यक्षांचे नंतर पाहू. ट्रेडमार्क बोर्डाने 1999 मध्ये एफएमआर कॉर्पोरेशनच्या प्रकरणात हा विचार स्वीकारला आणि 2008 मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या प्रकरणात तीच कसोटी लावली.

बोर्डापुढे सुरुवात तुम्हालाच करावी लागते. संरक्षण आदेशासाठी, म्हणजे जबानी थांबवणाऱ्या किंवा तिला मर्यादा घालणाऱ्या आदेशासाठी, अर्ज करायचा आणि सोबत शपथेवर दाखवायचे की या अधिकाऱ्याला वादातल्या गोष्टींची प्रत्यक्ष माहिती नाही, किंवा तितकीच अथवा जास्त माहिती असलेली दुसरी माणसे आहेत. एवढे जमले की ओझे समोरच्यावर जाते. ‘हे फक्त यांनाच, किंवा इतरांपेक्षा यांनाच जास्त ठाऊक आहे’ असे तो दाखवू शकला नाही, तर त्याला आधी कमी त्रासाचे मार्ग वापरावे लागतात. ते प्रामाणिकपणे वापरूनही अपुरे पडले, आणि या जबानीतून ग्राह्य पुरावा मिळण्याची वाजवी शक्यता दिसली, तर बोर्ड आदेश उठवू किंवा बदलू शकते. म्हणजे ही कायमची माफी नव्हे.

ट्रेडमार्कभंगाचा दावा बोर्डाऐवजी फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात असेल तर हिशोब बदलतो. सहाव्या सर्किटने 2012 मध्ये स्पष्ट केले की पद मोठे म्हणून त्रास होणारच असे गृहीत धरता येणार नाही. नेमके काय नुकसान होईल ते दाखवा. त्यामुळे दावा कुठल्या राज्यातल्या, म्हणजे कुठल्या सर्किटमधल्या, न्यायालयात आहे हे कळल्याशिवाय आम्ही ग्राहकाला भरवसा देत नाही.

कुठे फसते

समजा, सांगलीची हळद-मसाल्याची कंपनी आहे. नाव मालकांनी ठरवले, लेबल मालकांनी पसंत केले, न्यू जर्सीचा वितरक मालकांनीच शोधला. व्हॉट्सअॅपवर डिझायनरला गेलेला संदेश आजही आहे: ‘हेच नाव जाऊ दे, अक्षरं थोडी मोठी करा.’ इथे अपेक्स नियम कामाचा नाही. नियम मोठ्या कंपनीच्या अशा अधिकाऱ्यासाठी आहे जो या विषयापासून लांब आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कंपन्यांत सगळी माहिती एकाच डोक्यात असते आणि समोरचा वकील तेच दाखवून देतो.

कंपनी खरोखर मोठी असली तरी तीन कागद घात करतात. पहिला, अमेरिकी अर्जासोबतचे ‘ही खूण वापरण्याचा आमचा प्रामाणिक इरादा आहे’ किंवा ‘ती वापरात आहे’ हे घोषणापत्र. त्यावर एमडींची सही असेल तर ‘त्यांना काहीच माहीत नाही’ कसे म्हणणार? दुसरा, लेखी प्रश्नांच्या उत्तरांवरची सही. तिसरा, डिस्कव्हरीच्या सुरुवातीला द्यायची माहितगार व्यक्तींची यादी. सवयीने तिच्यात एमडींचे नाव सगळ्यात वर टाकले जाते. म्हणून सहीचे काम पहिल्या दिवसापासून ज्याला ब्रँडचा तपशील खरोखर ठाऊक आहे अशा अधिकृत अधिकाऱ्याकडे ठेवा.

शपथपत्रात काय हवे

‘साहेब फार व्यग्र आहेत’ हे कारण चालत नाही. पद, त्या पदावर कधीपासून, नाव निवडण्यात भाग होता का, अमेरिकेत विकायचा निर्णय कुणी घेतला, विरुद्ध पक्षाची खूण कधी कळली, हे एकेक करून लिहा. मग माहितगार माणसाचे नाव, हुद्दा आणि तो कोणत्या मुद्द्यावर बोलू शकतो ते लिहा. हे दुसरे अंग बहुतेक मसुद्यांत राहून जाते. सही करण्याआधी एमडींचे ईमेल, संदेश आणि मुलाखती ब्रँडच्या नावाने शोधून बघा. एक विसंगत ईमेल निघाला तर अर्ज तर जातोच, पुढच्या प्रत्येक कागदावरचा विश्वासही जातो.

बोर्डाला स्टँप पेपर किंवा नोटरी लागत नाही. खोटे विधान केल्यास अमेरिकी कायद्याखाली शिक्षा होऊ शकते याची जाणीव असल्याचे योग्य शब्दांतले घोषणापत्र पुरते.

अर्ज जबानीच्या तारखेआधी दाखल झालाच पाहिजे, आणि त्याआधी समोरच्या वकिलाशी बोलून तोडग्याचा प्रयत्न केल्याचे अर्जात नमूद करावे लागते. अर्ज प्रलंबित नसताना गैरहजर राहिलात तर ‘नोटीसच चुकीची होती’ हा बचाव टिकत नाही.

एमडींऐवजी कंपनीचा प्रतिनिधी

समोरचा पक्ष विषयांची यादी देऊन कंपनीचीच जबानी मागू शकतो. बोलायला कुणाला पाठवायचे ते कंपनी ठरवते. पण तो स्वतःपुरते बोलत नसतो, कंपनीला उपलब्ध असलेली सगळी माहिती त्याने आधी गोळा करायची असते. यादीतल्या विषयावर तो वारंवार ‘माहीत नाही’ म्हणाला, तर एमडींना बोलावण्याचे कारण तुम्हीच समोरच्याच्या हातात दिले. तयारीसाठी आम्ही निदान दोन पूर्ण दिवस धरतो.

भारतात राहणाऱ्यांसाठी

परदेशी राहणाऱ्या अधिकाऱ्याची डिस्कव्हरीतली जबानी परदेशातच घ्यायची असेल, तर बोर्डाच्या नियमाने ती लेखी प्रश्नांवर होते. तोंडी हवी असेल तर दोन्ही पक्षांची संमती किंवा सबळ कारणावर बोर्डाचा आदेश लागतो. हे मोठे संरक्षण आहे आणि त्यासाठी कंपनी मोठी असण्याची अट नाही.

मात्र डिस्कव्हरीच्या काळात हाच अधिकारी अमेरिकेत आला, तर नोटीस देऊन त्याची तोंडी जबानी तो असेल त्या ठिकाणी घेता येते. न्यूयॉर्कचे प्रदर्शन असो की न्यू जर्सीत मुलाकडची सुट्टी, नियम फरक करत नाही. तिकीट काढण्याआधी आम्हाला फोन करा.

तुम्हालाच समोरच्या बड्या अधिकाऱ्याला विचारायचे असेल तर

पहिल्याच आठवड्यात चेअरमनला नोटीस पाठवू नका, ती थांबवली जाण्याची शक्यता मोठी आहे. आधी लेखी प्रश्न, कागदपत्रांची मागणी आणि कबुलीच्या विनंत्या (‘हे विधान मान्य आहे का’ अशी लेखी विचारणा) वापरा. प्रत्येकी 75 ची मर्यादा आहे. मग कंपनीच्या प्रतिनिधीची जबानी. ‘हे चेअरमननी ठरवले, कारण मला ठाऊक नाही’ असे उत्तर जिथे जिथे मिळेल तिथे पान आणि ओळ टिपून ठेवा. चेअरमनच्या जबानीसाठी करायच्या पुढच्या अर्जाचा पाया तोच. लेखी मागण्यांना उत्तर द्यायला 30 दिवस असतात आणि ती मुदत डिस्कव्हरी संपण्याआधी पुरी व्हावी लागते. त्यामुळे 150 व्या दिवसानंतर जाग आली तर दार बंद झालेले असते.

नोटीस आली की त्याच दिवशी नोटीसची प्रत, एमडींचे पुढच्या सहा महिन्यांचे परदेश दौरे आणि त्यांनी सही केलेले ब्रँडचे सगळे कागद आमच्याकडे पाठवा. घोषणापत्राचा मसुदा आम्ही करतो. बोर्डापुढे अर्ज मात्र अमेरिकी परवानाधारक वकीलच करतात, परदेशस्थ पक्षांना 3 ऑगस्ट 2019 पासून ते बंधनकारक आहे.