फार्मसी (गोवा)

फार्मसी म्हणजे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषधं विकणारं, आणि ती कशी घ्यायची ते समजावून देणारं दुकान. महाराष्ट्रात याला सरसकट 'मेडिकल' म्हणतात, गोव्यात मात्र मराठी घरातला माणूससुद्धा 'जरा फार्मसीत जाऊन येतो' असंच म्हणतो.

हा शब्द इकडे आला कसा ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक म्हणजे पोर्तुगीज 'फार्मासिया'वरून, जो काही जुन्या पाट्यांवर अजून दिसतो, आणि दुसरं म्हणजे मुक्तीनंतर इंग्रजीतून. आजचा उच्चार बघितला तर तो इंग्रजीच वाटतो, पण शेजारच्या सिंधुदुर्गात इंग्रजीचा वावर असूनही लोक 'मेडिकल'च म्हणतात, त्यामुळे पोर्तुगीज शब्द आधी कानात बसलेला होता म्हणूनच इंग्रजी शब्द सहज रुळला असं मानणं जास्त पटतं. त्याच्याही आधीचा पोर्तुगीज शब्द 'बोतिका', जो ग्रीक 'अपोथेके' म्हणजे साठवणीची जागा यावरून आलाय, आणि कपड्यांच्या दुकानाला आपण म्हणतो तो 'बुटीक'सुद्धा त्याच मुळाचा. कोकणीत औषधाला वखद म्हणतात, जुन्या मराठीत वोखद, दोन्ही 'औषध'चीच रूपं.

१५१० नंतर जुन्या गोव्यात पोर्तुगीजांनी रॉयल हॉस्पिटल चालू केलं, पुढे ते जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांकडे गेलं, आणि त्यांच्या सेंट पॉल कॉलेजात स्वतःची बोतिका होती. पण या बोतिकांतून गावातल्या साध्या माणसाला औषध किती मिळायचं हे कागदोपत्री फारसं सापडत नाही, तो बहुतेक वैद्याकडेच जात असावा. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १७व्या शतकात गास्पार आंतोनियो नावाच्या जेझुइट ब्रदरने बनवलेला 'गोवा स्टोन' युरोपात गाजला. जनावरांच्या पोटात सापडणाऱ्या बेझोआर खड्याची ही हाताने केलेली नक्कल, त्यात कस्तुरी, रत्नांची पूड वगैरे घालायचे, खरवडून पाण्यातून घ्यायचं आणि विष उतरतं म्हणायचे. सोन्याच्या जाळीदार डब्यांतले असे गोळे आज परदेशी म्युझियममध्ये आहेत, औषध म्हणून मात्र त्यांचा काही उपयोग नव्हता.

१८४२ मध्ये पणजीत वैद्यकशाळा निघाली, जिचं पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि तिथे फार्मसीचंही शिक्षण मिळायचं. आज ते काम पणजीच्या १८ जून रस्त्यावरचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी करतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पुढच्या एकदोन वर्षांत भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने इथे लागू झाले, त्यात औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, १९४० आणि फार्मसी कायदा, १९४८ हे दोन या धंद्याचा कणा.

गंमत म्हणजे औषध कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक औषध दुकान 'फार्मसी' नव्हतं. जिथे फार्मासिस्ट लागत नाही ते 'ड्रगस्टोअर', जिथे फार्मासिस्ट आहे पण मिश्रणं बनवत नाहीत ते 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स', आणि जिथे चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून दिलं जातं तेच 'फार्मसी'. म्हणजे बाटलीवर कागदी डोसाची पट्टी चिकटवून मिक्श्चर देणारी जुनी दुकानं खऱ्या अर्थाने फार्मसी होती, आता सगळं स्ट्रिपमध्ये तयार येतं, त्यामुळे शब्द राहिला आणि काम बदललं. आज फार्मासिस्टचं कसब बनवण्यात नाही, तपासण्यात आणि सांगण्यात आहे.

किरकोळ विक्रीच्या लायसन्सला किमान १० चौरस मीटर जागा लागते, फ्रिज लागतो, आणि फार्मासिस्ट स्वतः हजर असावा लागतो, नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून चालत नाही. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि ढिलाई होते तीही इथेच. गोव्यात तपासणीचं काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. नियमांतल्या शेड्यूल एच या यादीतली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून एच-१ नावाची वेगळी यादी लागू झाली, सुरुवातीला ४६ औषधं, त्यात जोरदार अँटिबायोटिक, टीबीची औषधं, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या. यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध किती दिलं, आणि ते ३ वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीतल्या शेड्यूल एच औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचं तेच औषध फार्मासिस्टला आपल्या मनाने देता येत नाही, त्यामुळे ब्रँडनाव नसलेलं जेनेरिक स्वस्त असलं तरी डॉक्टरने ब्रँड लिहिला की काउंटरवरच्या माणसाचे हात बांधलेले, आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात. एक्सपायरी झालेला माल वेगळ्या खोक्यात 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवायचा असतो.

चुका होतात त्या बहुतेक नावांच्या सारखेपणातून. मेटफॉर्मिन शुगरची, मेट्रोनिडाझोल इन्फेक्शनची, घाईत लिहिलेलं 'मेट' दोन्हीकडे जातं. मेथोट्रेक्सेट तर संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून चांगला फार्मासिस्ट पाकिटावर वार लिहून देतो, 'फक्त सोमवार' असं, आणि पेशंटकडून एकदा परत वदवूनही घेतो.

इथल्या हवेत साठवणीचा प्रश्न मोठा. इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सियस लागतं, आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, थर्मामीटर बघत राहायचं, इन्व्हर्टर असेल तर बरं. दमट हवेत बाटलीतल्या सुट्या गोळ्या नरम पडतात, म्हणून झाकण घट्ट लावा हे सांगावंच लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त (देशाचा आकडा ११.४), तेव्हा इथल्या छोट्यातल्या छोट्या फार्मसीतही इन्सुलिनचा फ्रिज ही चैन नाही.

भागाभागाप्रमाणे दुकानाची तऱ्हा बदलते. बांबोळीला मेडिकल कॉलेजजवळ चिठ्ठ्या लांबलचक येतात, कळंगुट-बागा पट्ट्यात परदेशी पाहुणे आपल्या देशातलं नाव सांगतात आणि त्यातला मूळ घटक शोधून द्यावा लागतो, डिचोली-साखळीला तेच गिऱ्हाईक वर्षानुवर्षं, घरच्या सगळ्यांची बीपीची गोळी काउंटरवरच्या माणसाला पाठ. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, बाहेरून आलेल्याला हे माहीत नसतं आणि तापाचं पोर घेऊन तो शटरसमोर उभा राहतो. सत्तरीतल्या आतल्या गावांना वाळपई गाठावी लागते, म्हणून तिथले लोक महिन्याभराचं औषध एकदम नेतात. अशा वेळी स्ट्रिप अर्धी कापून दिली तर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जातोय ना एवढं बघावं, नाहीतर बिलावर दोन्ही लिहून घ्यावं. औषधाने अंगावर काही उठलं, चक्कर आली तर ते फार्मासिस्टला सांगावं, किंवा १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं.