‘डिस्कव्हरी’वरून होणाऱ्या भांडणाचं मूळ

‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा शेवटचा भाग ३० मे २०२४ रोजी आला. पाच सीझन, ६५ भाग. मुंबईत ट्रेकवेडे तसे मोजकेच, पण या मालिकेचा विषय निघाला की त्यांचे लगेच दोन तट पडतात. एका गटाला ती रडकी, उपदेश करणारी आणि मूळ ‘ट्रेक’ बिघडवणारी वाटते. दुसऱ्याला ती खोडांसकट आवडते. मी दुसऱ्या गटात आहे. मात्र या भांडणात जी कारणं पुढे केली जातात, त्यातली निम्मी तरी पडद्यावर नाहीत, पडद्यामागे आहेत.

मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. दर आठवड्याला नवा ग्रह, नवा पेच, आणि शेवटी सगळं पुन्हा जागच्या जागी. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. बऱ्याच घरांत टीव्ही कृष्णधवल होता, त्यामुळे कोणाचा गणवेश लाल आणि कोणाचा पिवळा हे कळायला मार्ग नव्हता. एखादा रविवार पाहुणे आले म्हणून हुकला तरी बिघडत नसे, कारण गोष्ट पुढच्या भागात जातच नव्हती. ‘ट्रेक’ म्हणजे असंच, ही सवय तिथे लागली.

मुंबईचा या पसाऱ्याशी आणखी जवळचा संबंध आहे. सत्तरच्या दशकात मालिका नव्याने काढायची ठरली, तेव्हा एका मुख्य भूमिकेसाठी निवड झाली ती पर्सिस खंबाटाची. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ची मिस इंडिया. ती मालिका झालीच नाही, तिचा १९७९मध्ये चित्रपट झाला, आणि त्यातल्या इलिया या भूमिकेसाठी पर्सिसने डोक्याचा गोटा केला. तो चित्रपट संथ आहे म्हणून तेव्हाही प्रेक्षकांत फूट पडली होती.

मराठी वाचकाची चव घडण्याचं आणखी एक ठिकाण होतं. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली तीही मुंबईत, १९६६मध्येच. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आधी विज्ञान पक्कं हवं, मग कल्पनेचे पतंग उडवा, असा हा संस्कार. त्यात वाढलेल्या माणसासमोर ‘डिस्कव्हरी’ने बुरशीच्या जाळ्यातून क्षणात कुठेही पोचणारं यान ठेवलं, तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या यात नवल नाही. ते इंजिन चालवणाऱ्या पात्राचं नाव पॉल स्टॅमेट्स, आणि याच नावाचा खराखुरा बुरशीतज्ज्ञ अमेरिकेत आहे, हे सांगूनही आठ्या जात नाहीत. खरं तर प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारी जुनी वॉर्प इंजिनं आपण कुरकुर न करता गिळलीच होती.

नव्या ‘ट्रेक’ला नाकं मुरडणं ही रीतही जुनीच. १९८७मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा मूळ मालिकेतले कॅप्टन कर्क आणि स्पॉक नाहीत म्हणून ओरड झाली. १९९३च्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये यान सोडून अंतराळ स्थानकावर मुक्काम ठोकला म्हणून झाली. २००१च्या ‘एंटरप्राइज’चं तर शीर्षकगीतच लोकांना खपलं नाही. ती २००५मध्ये बंद झाली आणि पुढची बारा वर्षं टीव्हीवर नवी ‘ट्रेक’ नव्हती.

नोव्हेंबर २०१५मध्ये सीबीएसने नव्या मालिकेची घोषणा केली. त्यांना आपल्या ‘सीबीएस ऑल अ‍ॅक्सेस’ या पैसे भरून बघायच्या सेवेसाठी गिऱ्हाईक ओढायचं होतं, आणि ‘ट्रेक’ हे हुकमी नाव. सूत्रं ब्रायन फुलर या लेखक-निर्मात्याकडे गेली. त्याच्या मनात होतं की प्रत्येक सीझनमध्ये वेगळा काळ, वेगळी माणसं. ते मान्य झालं नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये तो बाजूला झाला, प्रक्षेपण दोनदा पुढे ढकललं गेलं, आणि त्याने मांडलेला डाव दुसऱ्यांनी खेळायला घेतला. मूळ मालिकेच्या दहा वर्षं आधीचा काळ ही चौकट मात्र तशीच राहिली. त्यामुळे बुरशीचं इंजिन आणि स्पॉकची मानलेली बहीण, दोन्ही अशा जागी बसवावी लागली जिथे प्रेक्षकाला पुढचं सगळं पाठ होतं. (१९८९च्या चित्रपटात स्पॉकला असाच अचानक एक सावत्र भाऊ फुटला होता, हे बहिणीवर चिडणारे सोयीने विसरतात.)

अमेरिकेबाहेर मालिका नेटफ्लिक्सने १८८ देशांसाठी घेतली. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६मध्ये आलं होतं, त्यामुळे सप्टेंबर २०१७मध्ये आपल्याला प्रथमच नवी ‘ट्रेक’ अमेरिकेच्या पाठोपाठ, दुसऱ्याच दिवशी बघायला मिळाली. पहिल्याच प्रसंगात क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांचा सरदार रबराच्या जाड मुखवट्याआडून आपल्या भाषेत संथ भाषण करतो. त्याच्या डोक्यावर केस नाहीत, कपाळाची ठेवण वेगळी, आणि खाली सबटायटलं. ठाणे-दादर लोकलमध्ये उभ्याने, मोबाइलवर ती सबटायटलं वाचणं म्हणजे शिक्षाच. कितीजण तिथेच उतरले असतील! दुसऱ्या सीझनमध्ये क्लिंगॉनांना केस आले आणि युद्धकाळात ते डोकं भादरतात, असा खुलासाही आला. टीका वरपर्यंत पोचत होती तर.

मोठा धक्का गोष्ट सांगण्याच्या पद्धतीचा होता. नायिका मायकेल बर्नहॅम, म्हणजे स्पॉकची तीच मानलेली बहीण, कॅप्टन नाही. पहिल्याच भागात ती आपल्या कॅप्टनच्या, जॉर्जूच्या, मानेला चिमटा काढून तिला बेशुद्ध पाडते आणि जहाजाचा ताबा घेऊ बघते. पुढे युद्ध पेटतं, जॉर्जू मारली जाते आणि बर्नहॅमला जन्मठेप होते. यातलं काहीच भागाच्या शेवटी जागच्या जागी येत नाही. रविवारची सवय मोडली ती इथे. स्ट्रीमिंगला सीझनभर ताणलेली एकच गोष्ट हवी होती, ‘ट्रेक’चा जीव छोट्या गोष्टींत होता. विरोधकांची एक तक्रार मलाही पटते: दर सीझनला अख्खं विश्व संकटात, आणि ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, बसलेल्या डेटमर, ओवोसेकुन यांची मात्र धड ओळखही होत नाही.

जून २०१८मध्ये, दुसऱ्या सीझनचं काम चालू असतानाच तेव्हाच्या दोन्ही सूत्रधारांना काढलं आणि अ‍ॅलेक्स कर्ट्झमन या निर्मात्याने ताबा घेतला. त्या सीझनच्या शेवटी जहाज ९३० वर्षं पुढे पाठवून दिलं, आणि मागे राहिलेल्यांना त्याचं नावही काढायची बंदी. पाठ असलेल्या इतिहासाचं जोखड असं एका फटक्यात उतरलं.

तिसरा सीझन ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२१मध्ये आला. त्यात डायलिथियम नावाचं इंधन निकामी होऊन बहुतेक जहाजं फुटली आहेत, उरलेल्यांना इंधन नाही, आणि फेडरेशन या संघातले ग्रह एकमेकांपासून तुटून पडले आहेत. जवळची माणसं आहेत, पण पोचता येत नाही. चित्रीकरण फेब्रुवारी २०२०मध्येच संपलं होतं, म्हणजे लेखकांना साथीची कल्पना असणं शक्य नाही. पण आपण तो पाहिला तेव्हा मुंबईत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या आणि डोंबिवलीचा माणूस गिरगावातल्या बहिणीला फोनवरच भेटत होता. पृथ्वीने स्वतःभोवती कुंपण घातलंय आणि आपल्याच सूर्यमालेतल्या लोकांना ती लुटारू समजतेय, हा त्यातला भाग सोसायटीच्या फाटकावर बाहेरच्यांना अडवलं जात असताना बघायला मिळाला. या सीझनचा शेवट सर्वांत जास्त टिंगलीचा विषय झाला. हा सगळा संहार एका पोराने आईच्या मृत्यूवर फोडलेल्या हंबरड्यातून झाला, असं निघतं. विज्ञान म्हणून ते लंगडंच. पण ही मालिका पहिल्यापासून शोकाबद्दल, अपराधाच्या ओझ्याबद्दल बोलत होती, तिला असंच उत्तर शोभतं. जे तिला रडकी म्हणतात ते चुकीचं बघत नाहीत. त्यांना ते नकोय, एवढंच.

इथल्या प्रेक्षकाला खरा दणका बसला १६ नोव्हेंबर २०२१ला. चौथा सीझन दोन दिवसांवर असताना मालिका नेटफ्लिक्सवरून काढून घेतल्याचं जाहीर झालं. पॅरामाउंट प्लसवर (‘ऑल अ‍ॅक्सेस’चंच नवं नाव) बघा म्हणे, आणि पॅरामाउंट प्लस भारतात नव्हतंच. पाठीराखे होते ते तेव्हा वैतागले. निम्म्यावर सुटलेल्या बऱ्याच जणांचं मत म्हणूनच पहिल्या तीन सीझनांवर बेतलेलं असतं.

दुसऱ्या सीझनमध्ये अ‍ॅन्सन माउंटचा कॅप्टन पाइक, ईथन पेकचा स्पॉक आणि रिबेका रोमेनची नंबर वन (पाइकची उपप्रमुख) आले होते. त्यांच्यावरूनच २०२२मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ निघाली. दर भागाला नवी गोष्ट, रविवारच्या सवयीला साजेशी, आणि ‘डिस्कव्हरी’ला नावं ठेवणारे तिचं तोंड भरून कौतुक करतात. जॉर्जू मेली तरी समांतर विश्वातली तिची प्रतिरूप मालिकेत आली होती; मिशेल योच्या या जॉर्जूवर २०२५मध्ये ‘सेक्शन ३१’ हा चित्रपटही निघाला. त्याला समीक्षकांनी असं झोडपलं की माझ्या ओळखीतले दोन्ही गट पहिल्यांदाच एका बाजूला आले.