क्लार्क केर यांना रेगननी काढलं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांना १९६७मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगननी एका फटक्यात घरी बसवलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण गव्हर्नरला तसा अधिकारच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार विद्यापीठाचा कारभार बोर्ड ऑफ रीजंट्स या नियामक मंडळाकडे असतो आणि गव्हर्नर त्याचा पदसिद्ध सदस्य, म्हणजे मत एकच. नेमलेल्या रीजंटांची, म्हणजे मंडळाच्या सदस्यांची, मुदत तेव्हा तब्बल १६ वर्षांची होती. रेगन जानेवारीच्या सुरुवातीला पदावर आले. २० जानेवारीला केर यांना हटवण्याचा ठराव १४ विरुद्ध ८ मतांनी झाला. अठरा-वीस दिवसांत अख्खं मंडळ बदलता येत नाही. केर यांच्यावरची रीजंटांची नाराजी जुनीच होती, रेगनच्या विजयाने तिला बळ मिळालं एवढंच. अर्थात रेगन नामानिराळे नव्हते. विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधला ‘गोंधळ’ निस्तरू, असं सांगूनच ते निवडून आले होते.

नाराजीचं मूळ १९६४च्या विद्यार्थी आंदोलनात आहे. बर्कलीच्या प्रवेशद्वाराजवळ टेबलं मांडून राजकीय प्रचार करायला बंदी घातली गेली, तेव्हा केर परदेशात होते. परतल्यावर त्यांनी ती सरळ उठवली नाही, आणि आमच्या मते त्यांची खरी चूक हीच. डिसेंबरमध्ये बर्कलीच्या स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिलेल्या सुमारे ८०० जणांना अटक झाली. तो आदेशही केर यांचा नव्हता. तो होता डेमोक्रॅट गव्हर्नर पॅट ब्राउन यांचा. विद्यार्थ्यांना केर कठोर वाटले, रीजंटांमधल्या अनेकांना मवाळ.