फुलं मार्चमधली, निर्णय ऑक्टोबरमधला

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोहून पूर्वेकडचे डोंगर ओलांडले की दोनेक तासांत अँझा-बोरेगोचं वाळवंट लागतं. डिसेंबरच्या शेवटी मी तिथे जाते तेव्हा फुलांचा मागमूसही नसतो. मी शोधत असते ती रोपं. खडी आणि रेतीच्या मधे, जमिनीला अगदी चिकटून बसलेली, नखाएवढ्या पानांची चक्रं. ती भरपूर दिसली तर मार्चमधली रजा टाकायची. नाही दिसली तर ‘यंदा फुलं बघायला येऊ का?’ असं पुण्याहून विचारणाऱ्या आत्याला ‘या वर्षी नको’ म्हणून कळवायचं. कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात फुलं येणार हे धरून चालता येतं, कारण मोसमी पाऊस थोडा मागेपुढे झाला तरी येतोच. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तसा भरवसा नाही. म्हणूनच तिथल्या फुलांचं वेळापत्रक समजून घ्यायचं तर आधी पाऊस समजून घ्यावा लागतो, आणि तोही आदल्या शरदातला.

कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली या वाळवंटी दरीचं उदाहरण घेऊ. 1913 साली जिथे 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, त्या फर्नेस क्रीकला वर्षभरात सरासरी जेमतेम 50 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस एका दुपारी पडून जातो. तरीही 1998, 2005 आणि 2016 या वर्षांत त्याच दरीचे उतार पिवळ्या फुलांनी झाकून गेले. अशा बहराला तिकडे ‘सुपरब्लूम’ म्हणतात. 2016च्या बहराआधी, ऑक्टोबर 2015मध्ये, दरीच्या उत्तर भागात इतका जोराचा पाऊस झाला होता की पुराने रस्ते आणि जुन्या इमारतींचं मोठं नुकसान केलं. मार्चमधल्या फुलांचा निर्णय त्या ऑक्टोबरमध्येच झाला होता.

हा निर्णय घेतं कोण? बी. या वर्षायू, म्हणजे एकाच मोसमात उगवून, फुलून संपणाऱ्या, झाडांच्या बिया वर्षानुवर्षं रेतीत पडून असतात. कित्येकींच्या सालीत उगवण रोखणारी रसायनं असतात. चार थेंब पडले तर ती तशीच राहतात. चांगला भिजपाऊस झाला तरच धुऊन जातात. 1940च्या दशकात फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळवंटातली माती प्रयोगशाळेत आणून तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. साधारण 25 मिलिमीटर पाण्यावर बिया छान रुजल्या, फार थोड्या पाण्यावर नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो या प्रयोगाचा पुढचा भाग: तीच माती खालून पाणी शोषून चिंब झाली, तरी बिया रुजेनात. ओल पुरेशी होती, पण पाणी वरून खाली झिरपत गेलं नव्हतं, त्यामुळे रसायनं धुतली गेली नव्हती. एका अर्थी बी पर्जन्यमापकाचं काम करत होती. शिवाय थंड मातीवर पाणी पडलं की वसंतात फुलणारी झाडं उगवली, गरम मातीवर पडलं की उन्हाळी पावसावर वाढणारी. दोन्हींच्या बिया त्याच मातीत शेजारी शेजारी पडलेल्या होत्या.

पण चांगला पाऊस झाला तरी सगळ्या बिया उठत नाहीत. हे आपल्याला लगेच कळावं, कारण दुबार पेरणीचं दुःख महाराष्ट्राला माहीत आहे. मृगात पाऊस पडतो, शेतकरी पेरतो, मग तीन आठवडे आभाळ कोरडं राहतं आणि बियाणं जळून जातं. वाळवंटातल्या झाडाला दुकानातून दुसरं बियाणं आणता येत नाही, म्हणून ते काही बिया कायम मागे ठेवतं. इस्रायलचे शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी 1966मध्ये याचं गणित मांडलं. पिढ्यान्‌पिढ्यांची वाढ ही बेरीज नसून गुणाकार असते. नऊ वर्षं भरघोस पीक आलं आणि दहाव्या वर्षी हाती शून्य आलं, तर गुणाकार शून्यच. ते शून्य टाळायचं असेल तर चांगल्या वर्षीही हात थोडा राखून खर्च करायला हवा. ॲरिझोनात टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982पासून अशा झाडांची वर्षानुवर्षं मोजदाद ठेवली. ज्या जातींचं यश दरवर्षी फार वरखाली होतं, त्या जातींच्या बिया कमी प्रमाणात उगवतात असं त्यातून दिसलं. म्हणजे कोहेन यांचं गणित त्या टेकडीवरच्या झाडांत खरोखर उतरलेलं आहे.

रुजल्यावरही वाट सोपी नसते. हिवाळाभर रोप जमिनीलगत पानं पसरून बसतं आणि मुळं वाढवतं. त्या काळात पाऊस अधूनमधून येत राहायला हवा आणि कोरड्या वाऱ्याने ओल उडवून नेता कामा नये. ओल कमी पडली तरी रोप हार मानत नाही. बोटभर उंचीवरच एक फूल काढतं, चार बिया टाकतं आणि संपतं. भरल्या वर्षी हेच झाड गुडघ्याला लागतं. मला ती बोटभर झाडं पाहून जास्त भरून येतं.

शोधायची रीत उंचीवरून ठरते. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या आसपास, खालच्या उतारांवर, फेब्रुवारीच्या मध्यापासून फुलं येतात. हजार मीटरच्या आसपास एप्रिल उजाडतो आणि वरच्या डोंगरांवर मे-जून. त्यामुळे उशीर झाला तर निराश न होता वर चढावं. डोंगराच्या घळीतून आलेला गाळ जिथे पंख्यासारखा पसरतो ते उतार आधी बघावेत. डांबरी रस्त्याच्या कडाही बघाव्यात, कारण रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी तिथे जादा मिळतं. बोरेगोत हेंडरसन कॅन्यन रस्त्यालगतची रेती चांगल्या वर्षी सँड व्हर्बिनाच्या जांभळट-गुलाबी फुलांनी भरून जाते. त्याच काळात पांढऱ्या पट्ट्यांच्या स्फिंक्स पतंगाच्या जाड अळ्या ही झाडं खात सुटतात, आणि दक्षिणेकडून परतणारे स्वेन्सन ससाणे त्या अळ्या खायला दरीत उतरतात. मान वर करून तेही बघा.

फोटोसाठी आधी प्रत्येक फुलाची वेळ माहीत हवी. कॅलिफोर्नियाची केशरी पॉपी थंडीत, ढगाळ हवेत मिटून बसते, त्यामुळे पहाटे धावत जाऊन उपयोग नाही. ऊन चढू द्यावं. वाळूच्या टेकड्यांवरचं मोठं पांढरं ईव्हनिंग प्रिमरोझ याच्या उलट वागतं. ते संध्याकाळी उमलतं, रात्री पतंगांना बोलावतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की गुलाबी पडून मिटतं. त्याच्यासाठी तिपाई घेऊन सूर्य मावळताना तिथे हजर असावं. माझं सगळ्यात लाडकं आहे डेझर्ट फाइव्ह-स्पॉट, आपल्या जास्वंदी-भेंडीच्या कुळातलं. फिकट जांभळट पाकळ्यांचा गोल पेला आणि प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक गडद लाल ठिपका. ऊन फुलाच्या मागून येईल असं बसलात तर तो पेला आतून दिवा लावल्यासारखा उजळतो. भर दुपारी साधी पांढरी छत्री फुलावर धरली तरी रंग नीट येतात. काही फुलं इतकी बुटकी असतात की तिकडे त्यांना ‘पोटावर झोपून बघायची फुलं’ असंच म्हणतात. मात्र फॅसेलिया नावाच्या जांभळ्या फुलांच्या जवळ झोपू नका. तिच्या केसाळ पानांमुळे अंगावर पुरळ उठू शकतं.

फोटोत दिसणारा फुलांचा गालिचा बहुतेकदा कॅमेरा जमिनीलगत ठेवल्यामुळे दिसतो. उभं राहून पाहिलं तर झाडांमधे मोकळी खडी असते. फोटो पाहून आलेल्या माणसाला वाटतं, आपणही त्या गालिच्यात बसावं. मार्च 2019मध्ये लेक एल्सिनोर या शहराजवळच्या वॉकर कॅन्यनच्या टेकड्यांवर (हा भाग वाळवंटाच्या कडेबाहेरचा) पॉपी बघायला इतकी गर्दी उसळली की शहराला तो भाग बंद करावा लागला. 2023मध्ये तर फुलं बहरण्याआधीच बंदी घातली गेली. बी धरण्याआधी तुडवलेलं झाड मातीत काहीच टाकत नाही. मागे राखून ठेवलेल्या बियांचा तो साठा पुन्हा भरतो तो अशाच बहराच्या वर्षी. म्हणून मी पायवाटेवरून किंवा कोरड्या ओढ्याच्या रेतीतूनच चालते, आणि तिथून जमत नसेल तो फोटो सोडून देते.

निघताना एक काम आठवणीने करा. या वाळवंटांत सहारा मस्टर्ड नावाची परकी मोहरी पसरली आहे. ती आधी उगवते, ओल पिऊन टाकते, आणि तिच्या सावलीत देशी रोपं खुरटतात. बोरेगोत लोक स्वतःहून येऊन ती हाताने उपटतात. तिच्या बिया ओल्या झाल्या की चिकट होतात आणि बुटांच्या तळव्यांना, गाडीच्या टायरना लागून दुसऱ्या दरीत पोचतात. माझ्या गाडीत त्यासाठी एक जुना ब्रश ठेवलेला असतो. वाहनतळावरच बूट आणि टायर घासून मगच मी गाडी सुरू करते.