नाशिकमधील पुस्तकबांधणी

सुटे कागद जुळवून, शिवून किंवा चिकटवून त्यांवर पुठ्ठा चढवण्याचा व्यवसाय. नाशिकात या धंद्याला नव्या पुस्तकांपेक्षा रोज हाताळल्या जाणाऱ्या वह्या, दप्तरे आणि वाचनालयांच्या फाटक्या प्रतींनी अधिक पोसले, असे म्हणता येते.

पोथीला बाइंडर लागत नसे. सुटी आडवी पाने दोन फळ्यांत धरून बासनात गुंडाळली की झाले. तरी धास्ती होतीच. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, असे पोथीच्याच तोंडी घातलेला श्लोक लेखनिक शेवटी लिहीत. पंचवटी व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांना मात्र यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे नोंदवायला बांधीव वह्या हव्या असत. व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्याही लाल कापडात बांधलेल्या. दिवाळीत त्यांची पूजा होई.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 मध्ये स्थापन झाले. पुस्तके घरोघर फिरू लागली की पाठ उसवते, मग पुनर्बांधणी आली. जुना सरस खरवडायचा, फाटक्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावायची, जुज (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) एकेक करून सुताने शिवायचे आणि कापडी अस्तर देऊन पुठ्ठा बसवायचा. मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पावसाळ्यात पुस्तक दाबाखाली जास्त वेळ ठेवावे लागते. घाई केली तर पुठ्ठा वाकतो. दर बांधणीला कडा कातरल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला समास संपून ओळींची टोकेच कापली गेलेली पुस्तके जुन्या वाचनालयांत हमखास सापडतात. हा दोष बाइंडरचा कमी, हलका कागद व अरुंद समास ठेवणाऱ्या छापखान्याचा जास्त.

या व्यवसायात कटिंग मशीन बहुधा पुरुषांकडे असते. फर्म्यांच्या (छापलेल्या मोठ्या कागदांच्या) घड्या घालणे, ते क्रमाने लावणे ही कामे अनेकदा स्त्रिया नगावरच्या मजुरीत करतात. पुस्तकावर मुद्रकाचे नाव असते, बांधणाऱ्याचे क्वचितच.

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात (छपाईस सुरुवात 1925) बांधणीचे वेगळेच रूप दिसते. इथे तयार होणारी पासपोर्टची पुस्तिका 36 किंवा 60 पानांची असते आणि मधल्या घडीवर दोऱ्याने शिवलेली असते. एक पान काढले तरी कळावे, हा त्या शिवणीचा हेतू.

शहरातील बाइंडरांकडे आता गरम गोंदाची यांत्रिक बांधणी चालते. जुजबंदी, म्हणजे जुज शिवून केलेली बांधणी, महाग पडते. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांचे प्रबंध आणि कार्यालयांची रजिस्टरे यांवर अनेकांचा गल्ला चालतो.